वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर पोट साफ होत नाही, की फारच होते आहे? गोव्यातल्या रुग्णांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्लीव्ह किंवा बायपास झाली की दोन-चार दिवसांत माणूस घरी येतो. कोणाची शस्त्रक्रिया पणजी-मडगावात होते, कोणी बेळगाव, पुणे, मुंबई गाठतो. मग सर्जन घाटापलीकडे आणि रुग्ण काणकोणातल्या घरात, असा प्रकार होतो. जखमेतून थेंबभर पाणी आले तरी लोक लगेच फोन करतात. शौचाचे मात्र आठ-आठ दिवस कोणाला सांगत नाहीत आणि तोवर घरातल्या घरात इसबगोल, एरंडेल, चूर्ण असे सगळे करून झालेले असते. हे पान त्या आठ दिवसांसाठी आहे.

खालची उत्तरे शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन-अडीच महिन्यांपुरती आहेत. तुमच्या डिस्चार्जच्या कागदावर वेगळे काही लिहिले असेल तर तो कागद खरा.

चार दिवस झाले, अजून परसाकडे झालेले नाही. आत काही अडले आहे का?

बहुधा नाही. वारा सरतोय, पोट मऊ आहे, उलटी नाही आणि घोट घोट पाणी जातेय, तर चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत थांबायला हरकत नसते. जरा हिशेब मांडा. शस्त्रक्रियेआधी एक-दोन आठवडे, यकृत आकसावे म्हणून, तुम्हाला कमी उष्मांकाचा आणि बराचसा पातळ आहार दिला होता. मग उपास, मग भूल, मग पुन्हा पाणी आणि निवळ. आत गेलेच नाही तर बाहेर काय येणार? त्यात भुलीनंतर आतडी काही काळ सुस्तावतात. दुखण्यासाठी दिलेले ट्रामाडोल आणि मळमळीसाठी दिलेले ओंडॅनसेट्रॉन, दोन्ही गोळ्या शौच घट्ट करतात. दुखणे सोसण्याइतके कमी झाले असेल तर ट्रामाडोल बंद करून नुसत्या पॅरासिटामॉलवर भागेल का, हे डॉक्टरांना विचारा. पुष्कळांचे पोट तेवढ्यानेच मोकळे होते.

रोज सकाळी पोट साफ झालेच पाहिजे, ही आपल्याकडची पक्की समजूत. पहिल्या दोन महिन्यांपुरती ती बाजूला ठेवा. दोन-तीन दिवसांतून एकदा, पण मऊ आणि कुंथावे न लागता झाले, तर ते ठीकच आहे. रोज होऊनही खडे पडत असतील आणि आग होत असेल, तर ती बद्धकोष्ठताच.

पाचवा दिवस उलटला तर फोन करा. वारा सरणेच थांबले, पोट फुगून टणक झाले, उलट्या सुरू झाल्या, तर मात्र दिवस मोजत बसू नका, आहात तसे निघा.

माझी स्लीव्ह झाली, भावजयीची बायपास. तिला जुलाब आणि मला खडा, असे का?

कारण दोघींच्या पोटात वेगवेगळे काम झाले आहे. स्लीव्हमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढून उरलेल्याची अरुंद नळी करतात. आतड्यांना हात लावत नाहीत. खाणे-पिणे एकदम कमी होते, म्हणून तक्रार बहुतेकदा घट्ट शौचाची असते.

बायपासमध्ये वरच्या टोकाला जठराची सुमारे ३० मिलीची पिशवी ठेवतात आणि ती लहान आतड्याला खाली जोडतात. अन्न जठराचा उरलेला भाग आणि लहान आतड्याची सुरुवात चुकवून पुढे जाते. पित्त आणि स्वादुपिंडाचा रस त्याला उशिरा भेटतो. त्यामुळे गोड, दूध आणि तेल या तिन्हींशी पोटाचे जुने नाते बदलते. मिनी बायपास आपल्या देशात बरीच होते. तिच्यात एकच जोड असतो आणि वगळलेले आतडे बऱ्याचदा १५० ते २०० सेंटिमीटर असते. तिथे पातळ, तेलकट शौचाच्या तक्रारी जास्त ऐकू येतात.

तुमची नेमकी कुठली झाली, हे कागदावर पाहून पाठ करा. ‘पोट बारीक करायचे ऑपरेशन’ एवढेच सांगितले तर रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत बसलेल्या डॉक्टरला त्यातून काही कळत नाही.

पाणी किती प्यायचे? आणि एवढ्याशा पोटात ते मावणार कसे?

या पानावरचे एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा. पहिल्या महिन्यातल्या बद्धकोष्ठतेचे मूळ बहुतेकदा पाण्याच्या कमतरतेत असते. भाजीपाल्याचा नंबर त्यानंतरचा.

दिवसाला किमान दीड लिटर, जमेल तसे दोन लिटरपर्यंत. पूर्वी तुम्ही तांब्या तोंडाला लावून अर्धा लिटर एका दमात प्यायचात. आता तसे प्यायलात तर छातीत कळ येईल किंवा सगळे उलटून पडेल. म्हणून मोजून प्यायचे. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर मापाचे छोटे पारदर्शक झाकण असते ना, ते गरम पाण्याने धुऊन घ्या. १५ मिलीची खूण त्यावर आहे ना, तेवढी पाहून घ्या. दीड लिटर पाणी जागेपणीच्या १४ तासांत वाटले तर तासाला जेमतेम सात झाकणे होतात. सात झाकणे ऐकायला काहीच नाही, पण ती रोज, प्रत्येक तासाला जायला हवीत. घरात कोणी असेल तर हे काम त्यांच्याकडे द्या. नातवंडांना असली मोजामोज फार आवडते.

खाणे सुरू झाले की जेवताना पाणी नाही, आणि जेवल्यावर अर्धा तास नाही. हा अर्धा तास पाळायच्या नादात माणसे पुढचे दोन तास पाणी विसरतात. मोबाइलवर गजर लावा.

आपली हवा विसरू नका. एप्रिल-मेच्या उकाड्यात पंख्याखाली नुसते बसले तरी सदरा भिजतो. घामाने जाते तेवढे पाणी वेगळे धरायचे. लघवी फिकट असेल तर पाणी पुरतेय, गडद असेल तर नाही. पण मल्टिव्हिटॅमिनच्या गोळीने लघवी भडक पिवळी होते, त्यामुळे गोळीनंतरचे काही तास रंगावर जाऊ नका. उभे राहताना भोवळ येणे आणि दिवसभरात लघवीला दोनदाच जाणे, या खुणा जास्त खऱ्या.

पाण्याऐवजी पेज, सोलकढी, आडसर (शहाळे) चालेल का? सासूबाई म्हणतात, पेजेसारखे दुसरे औषध नाही.

पातळ आहाराच्या दिवसांत उकड्या तांदळाच्या पेजेची निवळ मिठाची चिमूट टाकून जरूर घ्या. सासूबाईंचे त्यात चुकलेले नाही. पण पेजेत प्रथिने नावापुरती असतात आणि तुम्हाला दिवसाला ६० ते ८० ग्रॅम लागतात. पेजेने पोट भरले की प्रथिनांना जागा राहत नाही. म्हणून पेज पाण्याच्या हिशेबात धरा, जेवणाच्या नाही.

पातळ, लोणी काढलेले ताक उत्तम. फुटी कढी, म्हणजे बिननारळाची कोकमाची कढी, मिरची न घालता, पातळ करून, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून बहुतेकांना सोसते. आंबटाने छातीत जळजळ झाली तर थांबवा. नारळाचा रस घातलेली सोलकढी मात्र अजून नको, विशेषतः बायपासवाल्यांनी. त्यातली चरबी पोट ढिले करते. आडसराचे पाणी दिवसाला अर्धी वाटी, तेही घोटाघोटाने. ते आरोग्यदायी असले तरी त्यात साखर आहे, म्हणून दीड लिटरची भरपाई त्यावर करू नका. आणि काजूच्या मोसमात कोणी प्रेमाने निरो, म्हणजे काजूच्या बोंडांचा रस, आणून दिला तर हात जोडा. तो गोडही असतो आणि दुपारपर्यंत आंबूही लागतो.

इसबगोल घरात आहेच. रात्री एक चमचा घेऊ का?

पहिल्या सहा आठवड्यांत स्वतःच्या मनाने अजिबात नाही. इसबगोल पाणी शोषून फुगते, त्यासाठी त्यामागून पेलाभर पाणी एका वेळी जावे लागते. तुम्हाला ते शक्य नाही. मग तो चिकट गोळा अरुंद वाटेत बसतो किंवा पुढे जाऊन शौच आणखी घट्ट करतो. दीड-दोन लिटर पाणी सहज जाऊ लागले आणि मऊ जेवण अंगवळणी पडले, की अर्ध्या चमच्यापासून सुरू करता येते, डॉक्टरांना विचारून.

सोनामुखीची चूर्णे, ‘पोट साफ’ करणारे चहा आणि आजीचे एरंडेल यांनाही तूर्त फाटा. ही आतड्यांना ढकलणारी औषधे आहेत. नव्याने शिवलेल्या पोटात मुरडा उठला की तो शस्त्रक्रियेचा की चूर्णाचा, हे ओळखणे डॉक्टरांनाही अवघड होते.

मग काय घ्यायचे? डॉक्टर बहुधा लॅक्टुलोजचे सिरप किंवा पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पूड देतात. लॅक्टुलोजने गॅस होतो, हे आधीच माहीत असलेले बरे, नाहीतर माणूस दुसऱ्याच दिवशी बाटली ठेवून देतो. पूड पाण्यात विरघळवून अर्ध्या-पाऊण तासात घोट घोट प्यायची. खडा अगदी दाराशी येऊन अडला असेल तर ग्लिसरिनची सपोझिटरी (गुदद्वारातून आत सरकवायची वडी) लावतात, पण तीही एकदा फोनवर विचारून. फार्मसीतल्या पोऱ्याने काउंटरवरून उचलून दिलेला एनिमा घरी करू नका.

पालेभाज्या, फळे, कडधान्ये कधी सुरू करायची? आमच्या घरी आळसांदे आणि मूगगाठी म्हणजे आठवड्याचे ठरलेले.

सामान्यतः पहिले दोन आठवडे पातळ, पुढचे दोन घोटलेले, मग मऊ, आणि दीड-दोन महिन्यांनी नेहमीचे जेवण थोड्या प्रमाणात. प्रत्येक रुग्णालयाचे वेळापत्रक थोडे निराळे असते. घोटलेल्या टप्प्यात दुधी, तांबडा भोपळा, मुगाची डाळ, पिकलेली पपई. मऊ टप्प्यात वाफवलेली तांबडी भाजी, पण देठ काढून आणि वरून नारळ न पेरता. आळसांदे आणि मोड आलेले मूग सालासकट असतात, त्यांनी या दिवसांत गॅस धरतो. दोन महिने उलटू द्या, मग एक-एक चमचा घेऊन पाहा. खतखते तेव्हाच.

तंतुमय पदार्थ वाढवायचे ते पाणी वाढल्यावर. उलट केले तर बद्धकोष्ठता वाढते.

मासे हा आपला आधार. मुड्डशीसारखा मऊ, कमी तेलाचा मासा वाफवून, काटे काढून, मऊ टप्प्यात सुरू करता येतो. त्यात प्रथिने भरपूर, तंतू शून्य, म्हणून मासे वाढले की पाणी आणि भाजीही वाढायला हवी. रव्यात तळलेले आणि सुंगटांची किसमूर थांबू देत.

शौचाचा रंग काळा झाला आहे. रक्त आहे का?

लोहाची गोळी सुरू असेल तर शौच काळपट, हिरवट झाक असलेले होते. बांधलेले असते आणि वास नेहमीसारखाच असतो. त्याची भीती नको.

डांबरासारखे चकचकीत, चिकट, पातळसर आणि वेगळाच उग्र वास असलेले काळे शौच म्हणजे वरच्या भागातून रक्तस्राव. शस्त्रक्रियेनंतरच्या अगदी पहिल्या एक-दोन वेळी आतले जुने रक्त असे पडू शकते, तरीही ते कळवायचेच. नंतर कधी झाले, किंवा सोबत भोवळ, घाम, धडधड असेल, तर थेट रुग्णालय. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून बऱ्याच जणांना घरी आल्यावरही पोटात टोचायची इंजेक्शने चालू असतात. त्या काळात रक्तस्राव अंगावर काढणे परवडणारे नाही.

कडक शौचानंतर वरून लाल थेंब पडले आणि चिरल्यासारखे दुखले तर बहुधा गुदाशी चीर गेली आहे. कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटे बसल्याने आराम पडतो. शौच मऊ झाल्याशिवाय ती भरत नाही. बीट खाल्ल्यावरची लाली आठवा आणि मग घाबरा. शौच मातीसारखे फिके, लघवी कडक चहाच्या रंगाची आणि डोळे पिवळे असतील, तर पित्तखड्याचा संशय घेतात. वजन झपाट्याने उतरताना पित्तखडे होतात, त्यासाठीच काहींना सहा महिने अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडच्या गोळ्या दिलेल्या असतात. त्या मध्येच सोडू नका.

लोहाची गोळी घेतली की पोट घट्ट. बंद करू?

बंद करू नका, बदलून घ्या. लोहाचा क्षार बदलणे, वेळ बदलणे, काही रुग्णांत शिरेतून देणे, असे मार्ग असतात. कॅल्शियम कार्बोनेटनेही शौच घट्ट होते आणि कमी झालेल्या आम्लात ते नीट विरघळत नाही, म्हणून सायट्रेट बरे. लोह आणि कॅल्शियम यांच्यात दोन तासांचे अंतर ठेवा, एकत्र घेतले तर लोह शोषले जात नाही.

दिवसातून चार-पाचदा पातळ होते आहे. जुलाब म्हणायचे की साहजिक?

सगळे पातळ पीत असताना शौचही पातळ असणार. बायपासनंतरच्या पहिल्या आठवड्यांत दिवसाला दोन-तीनदा ढिले होणे साहजिक आहे. त्यापुढे गेले की कारण शोधायचे, आणि बहुतेकदा ते स्वयंपाकघरातल्या फळीवर सापडते.

पहिला संशय दुधावर. पूर्वी पेलाभर दूध पचवणाऱ्यालाही बायपासनंतर दुधातली साखर सोसेनाशी होते. प्रोटीन पावडरीच्या डब्यावर ‘व्हे कॉन्सन्ट्रेट’ लिहिलेले असेल तर त्यातही ती असते, ‘आयसोलेट’मध्ये फारच कमी. तीन दिवस दूध आणि पावडर बदलून पाहा. दही-ताक बऱ्याच जणांना चालते.

दुसरा संशय ‘शुगर फ्री’ चॉकलेट, गोळ्या, च्युइंगगम आणि बिनसाखरेच्या खोकल्याच्या औषधांवर. त्यातले सॉर्बिटॉल, माल्टिटॉल आतड्यात पाणी ओढतात. साखर नाही म्हणून निर्धास्तपणे खाल्लेला पदार्थच नेमका घात करतो.

मग औषधे. मेटफॉर्मिनने जुलाब होतात आणि शस्त्रक्रियेनंतर त्याचा डोस तसाही पुन्हा ठरवावा लागतो. अँटिबायोटिकनंतर सुरू झालेले, दुर्गंधीचे, पाण्यासारखे जुलाब आणि ताप असेल तर शौच तपासणी लागते. अशा वेळी लोपेरामाइडची गोळी घेऊन ते दाबायचे नाहीत. पावसाळ्यात साध्या दूषित पाण्याचीही शक्यता धरा. विहिरीचे पाणी उकळूनच.

ओआरएसची पुडी तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात पूर्ण विरघळवा आणि झाकणाझाकणाने घ्या. त्यातल्या साखरेला घाबरू नका, ती थोडी आहे आणि पाणी शोषले जायला लागतेच. खोक्यातली गोड फळचवीची पेये मात्र ओआरएस नव्हेत. दिवसाला सहापेक्षा जास्त वेळा पाण्यासारखे झाले, दोन दिवसांत थांबले नाही, रक्त किंवा ताप आला, लघवी कमी झाली, तर थांबू नका. रक्तदाबाची, विशेषतः लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर त्याच दिवशी विचारा, कारण पाणी कमी झालेल्या शरीरात ती रक्तदाब फार खाली आणते. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांनी जुलाबात त्या गोळ्यांवर विसंबू नये. बायपासनंतर त्यांचा भरवसा एरवीही कमीच असतो, आणि पहिले १२ ते १८ महिने गर्भ राहू देऊ नये असे सांगतात.

चतुर्थीला नेवरीचा एक तुकडा खाल्ला आणि वीस मिनिटांत घाम, धडधड, पोटात मुरडा, मग धावतच जावे लागले. हे काय होते?

याला डम्पिंग म्हणतात. साखर जठरात रेंगाळायची ती आता सरळ आतड्यात उतरते, आतडे ती पातळ करायला रक्तातले पाणी ओढून घेते, आणि पुढचे तुम्ही अनुभवलेच. खाल्ल्यावर १० ते ३० मिनिटांत सुरू होते. आडवे पडावेसे वाटते, आणि पडावेच. तासाभरात बहुधा उतरते. दुसरा प्रकार एक ते तीन तासांनी येतो. इन्शुलिन जादा सुटल्याने रक्तातली साखर घसरते आणि हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. हा वारंवार झाला तर डॉक्टरांना सांगायलाच हवे, मधुमेहाची औषधे चालू असतील तर त्याच दिवशी. बायपासमध्ये दोन्ही जास्त, स्लीव्हमध्येही होतात.

उपाय पदार्थात आहे. नेवरी, पातोळी, मणगणे यांत साखर किंवा गूळ, मैदा, तांदूळ किंवा साबुदाणा, आणि वर नारळ असा तिहेरी मारा असतो. पहिल्या वर्षी तरी पानात नकोच. प्रसाद हातात घेऊन कपाळाला लावला आणि घरातल्या दुसऱ्याला दिला, तर देव रागावत नाही. रागावतात त्या मावशी. ‘एकान काय जाता?’ असे विचारणाऱ्याला डम्पिंगचे शास्त्र सांगत बसण्यात अर्थ नाही. ‘डॉक्टरांनी वर्षभर बंद ठेवलंय’ एवढे म्हणा, आपल्याकडे डॉक्टरांचे नाव घेतले की आग्रह निम्मा होतो.

शौच तरंगते, तेलकट तवंग येतो, फ्लश केले तरी चिकटून राहते. गॅसचा वासही असह्य.

न पचलेली चरबी आहे ती. मिनी बायपासवाल्यांनी आधी ताटातले तेल आणि नारळ पाहावे. वाटणाचे हुमण, तळलेले तारले, भजी. आठवडाभर हे बंद करून फरक पडला तर उत्तर मिळाले. तरीही दिवसाला अनेकदा असे होत राहिले, पायांवर सूज आली किंवा वजन अपेक्षेपेक्षा वेगाने उतरले, तर रक्ततपासणी लागते. चरबीबरोबर अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वेही वाहून जातात.

नुसत्या गॅससाठी : स्ट्रॉ नको, सोडा नको, घाईघाईने गिळणे नको. जेवल्यावर अंगणात दहा मिनिटे चाला.

कमोडवर बसून कुंथावे लागते. टाके सुटतील का?

सहसा नाही, पण कुंथणे टाळाच. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतल्या छिद्रांवरही ताण येतो आणि मूळव्याध उठते ते वेगळेच. पायाखाली एखादा उंच पाट किंवा सहा-आठ इंचांचे स्टूल घ्या, गुडघे कमरेच्या वर येऊ द्या, थोडे पुढे वाका, पोटावर उशी धरा. देशी संडासात बसणे गुडघ्यांना झेपत असेल तर उत्तमच. सकाळी काही पोटात गेल्यावर आतडी आपोआप हलतात, ती पंधरा-वीस मिनिटे गाठा. आली नाही तर उठा. फोन घेऊन अर्धा तास बसल्याने फक्त मूळव्याध वाढते.

कामावर जायला लागले, पण बसमध्ये लागली तर, या भीतीने सकाळपासून पाणीच पीत नाही.

बायकांकडून हे फार ऐकू येते आणि याचा राग येतो तो त्यांचा नाही, स्वच्छ संडास नसलेल्या स्थानकांचा. वाळपईहून पणजीला निघालेल्या बाईने मध्ये कुठे जायचे? तरी पाणी तोडू नका. जुलाबाची भीती असेल तर निघायच्या आधीच्या दोन तासांत खाणे टाळा, पाणी चालू ठेवा. दूध आणि नवा पदार्थ सुट्टीच्या दिवशीच करून पाहा. पिशवीत एक जादा कपडा, टिश्यू आणि हात धुवायचा साबण असला की निम्मी भीती जाते. कामावर एका विश्वासाच्या माणसाला सांगून ठेवा.

एखादा पेग? फेणी पोटाला बरी म्हणतात.

नाही. हुर्राकही नाही. शस्त्रक्रियेनंतर दारू पटकन आणि जास्त चढते, जोडावर व्रण पडायला मदत करते आणि पोटही ढिले होते. निदान सहा महिने, बरेच सर्जन वर्ष सांगतात.

कुठल्या लक्षणांना सकाळची वाट पाहायची नाही?

विश्रांतीतही नाडी १२० च्या वर राहणे. ताप १००.४ फॅरनहाइटच्या पुढे. पोटात वाढत जाणारे दुखणे, डाव्या खांद्यात कळ, धाप. (दुर्बिणीतल्या गॅसनेही पहिले दोन-तीन दिवस खांदा दुखतो, पण तो चालल्यावर कमी होतो आणि नाडी शांत असते.) पाण्याचा घोटही न टिकणे. वारा आणि शौच दोन्ही बंद होऊन पोट फुगणे. डांबरी किंवा भरपूर लाल शौच. एका पायाची पोटरी सुजून दुखणे. जोडाला गळती, आतड्याला पीळ किंवा अडथळा, रक्तस्राव, गुठळी, यांपैकी काहीही असू शकते आणि यातले काहीच घरी बरे होत नाही.

१०८ ला फोन करा. बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात जाताना डिस्चार्जचा कागद आणि औषधांची पिशवी हातात असू द्या. पोहोचताच शस्त्रक्रियेचे नाव आणि तारीख सांगा. नाकातून नळी घालायची वेळ आली तर आधी सर्जनशी बोलून घ्या, अशी विनंती करा, कारण नव्या जोडाला न बघता घातलेल्या नळीने इजा होऊ शकते. दुखते म्हणून डायक्लोफेनॅक किंवा इबुप्रोफेन घेऊ नका, त्यांनी जोडाजवळ व्रण होतो. उलट्या अनेक दिवस चालल्या असतील तर थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व ब-१, द्यायला हवे का हेही विचारा. ते कमी पडले तर मज्जासंस्थेला धोका असतो.

फोनवर डॉक्टरांना नेमके काय सांगायचे? लाज वाटते.

‘पोट बरे नाही’ असा निरोप पाठवला तर उलट दहा प्रश्न येतात. त्यापेक्षा एकदाच असे लिहून पाठवा :

‘नमस्कार डॉक्टर. १२ तारखेला बायपास झाली. शेवटचे शौच परवा सकाळी, खडे, रंग काळपट-हिरवा, रक्त नाही. वारा सरतो. उलटी नाही, ताप नाही, नाडी ८८. काल पाणी साधारण ९०० मिली गेले, लघवी तीनदा. ट्रामाडोल कालपर्यंत घेतली, लोहाची गोळी चालू आहे. लॅक्टुलोज घेऊ का, किती?’

एवढ्यावर बहुतेक डॉक्टर दोन ओळींत उत्तर देऊ शकतात. रंगाबद्दल शंका असेल तर फोटो काढून ठेवा आणि ‘पाठवू का?’ असे आधी विचारा. त्यांना त्यात नवल वाटत नाही. भाऊ किंवा मुलगा तुमच्या वतीने बोलणार असेल तर त्यालाही हाच मजकूर द्या, नाहीतर तो संकोचाने निम्मे गाळतो.